उतरलेल्या तारेची साक्ष

१

काथरखेडच्या मारुतीचे डोळे चोरीला गेले, आणि तेही ऐन सप्ताहात.

सांजारतीला जानराव गुरवानं निरांजन देवाच्या तोंडापाशी नेलं आणि त्याचा हात तिथंच अडखळला. जिथं चांदीचे दोन टपोरे डोळे असायचे, तिथं लाखेचे दोन काळे डाग उरले होते. टाळ थांबले. बायांनी पदर तोंडाला लावले. सभामंडपातली वीणा तेवढी वाजत राहिली, कारण सप्ताहात आभाळ कोसळलं तरी वीणा थांबवायची नसते.

चोर शोधायला गावाला लांब जावं लागलं नाही. देवळामागं भट्टी पेटवून, काल्याच्या पंगतीसाठी कढया-पातेल्यांना कल्हई करत कय्यूम बसला होता. वरवट बकालचा हा कल्हईवाला दरसाल यायचा आणि दरसाल जनकाबाईच्या हातची भाजी-भाकर खाऊन जायचा. पण परका तो परका. पोरांनी त्याची झोळी उलटी केली. कथील निघालं, नवसागर निघाला, कापसाचा बोळा निघाला, डोळे काही निघाले नाहीत. न सापडल्यामुळं तो अधिकच चोर ठरला. "सराईत दिसते बे," असं म्हणत पोरांनी त्याला चावडीत नेऊन कोंडलं.

पोलीस पाटील शेषराव जरा सबुरीचा माणूस. त्यानं गर्दीतून शालिग्रामला बाजूला घेतलं.

"डाक्टर, उद्या दिवस मावळता ठाण्याचा जमादार येईन. तो आला का कय्यूमले बेड्या घालून नेईन, मंग खरं काय आन् खोटं काय, कोण पाहाते? तुम्ही शिकेल-सवरेल हा. गावात तुमचं कोणाशी वाकडं नाही. जरा इचारपूस करून पाहाता का?"

शालिग्रामनं मान हलवली. दुपारपासून एक गोष्ट त्याच्या कानात सलत होती. तिचा या चोरीशी काही संबंध आहे की नाही, हे त्याला अजून कळलं नव्हतं. एवढं मात्र कळत होतं की ती गोष्ट या गावात तोंडातून काढायची त्याला सोय नाही.

२

शालिग्राम हा गुरांच्या दवाखान्यातला स्टॉकमन. म्हणजे पुरता डॉक्टर नव्हे, पण गावानं एकदा डॉक्टर म्हटलं की म्हटलं. गुरांना सुया टोचायच्या, बैलांचे खूर पाहायचे, आणि सरकारी वळूचं बी थर्मासातून आणून गाई-म्हशी फळवायच्या, हे त्याचं काम. कोपरापर्यंत हात घालून करायचं काम ते. पण तो मन लावून करायचा, आणि लोक त्याला मानायचे.

ही त्याची दुसरी चाकरी. पहिली कोणती, ते काथरखेडात कोणाला ठाऊक नव्हतं.

मुंबईला गुरांच्या कॉलेजात शिकायला गेलेला हा वऱ्हाडचा पोरगा तिथं वाद्यांच्या नादी लागला होता. इंग्रजी रॉकची गाणी वाजवणारी पाच जणांची टोळी होती, 'ब्लू पॅरट्स' नावाची. तंग विजारी, मानेवर रुळणारे केस. हॉटेलात गिऱ्हाईक दारू पिऊन नाचायचं आणि शालिग्राम मागं उभा राहून चार जाड तारांची बेस गिटार वाजवायचा. गाण्याखालचा खर्ज धरायचं काम त्याचं. तिथं त्याला शॅली म्हणत. पुढं टोळी फुटली, कॉलेजनं नाव कापलं, आणि पोट जिकडं नेईल तिकडं जो तो गेला. ढोल बडवणारा विल्सन वसईला कोंबड्या पाळू लागला. गळा फाडून गाणारा केर्सी विमा विकू लागला. आणि शॅली म्हशी फळवू लागला. मुंबईच्या दोस्तांना त्यानं हे कधी कळवलं नाही, आणि इकडं ते कधी सांगितलं नाही. दोन्हीकडं लाजच होती.

आईला, रुक्मिणीबाईला, त्यानं सांगितलं होतं की परीक्षेच्या टायमाला कावीळ झाली म्हणून डिग्री हुकली. त्या माउलीनं लेकाच्या काविळीसाठी शनिवार धरले. कावीळ कधी झालीच नव्हती, शनिवार मात्र अजून चालू होते.

आता ती सलणारी गोष्ट. दवाखाना आणि त्यामागची शालिग्रामची खोली देवळाच्या अगदी समोर. दुपारी जेवून तो आडवा झाला होता. मंडपातली वीणा वाजत होती, बाकी सगळं गाव पेंगत होतं. एकाएकी वीणा थांबली. कुठंतरी 'ठक' वाजलं. पुन्हा वीणा सुरू झाली, पण तिची खर्जाची तार उतरली होती. गावात कोणाला काही फरक पडला नसता. शालिग्रामला मात्र दाताखाली खडा आल्यागत झालं. तो कूस बदलत पडून राहिला, उठून ती खुंटी पिळावी असं वाटत राहिलं. नंतर कितीतरी वेळानं देवळामागून भात्याचा फस्स फस्स आवाज यायला लागला, तेव्हा कुठं त्याचं मन तारेवरून हटलं.

३

सकाळी त्यानं जानराव गुरवाला गाठलं.

"दुपारच्या निवदाले डोळे होते, म्या सोता धोतराच्या सोग्यानं पुसले," जानराव सांगू लागला. "गाभाऱ्याले कुलूप? सप्ताहात कशाचं कुलूप, डाक्टर? वीणेकरी समोर उभा रायते ना!"

"डोळे काढाले काही हत्यार लागते?"

"नखानं निंघते. लाख जुनी हाय."

"आन् देवावरची छत्री?"

"ती चांदीचीच हाय, आन् चांगली जड. हात वर केला का खाली येते. तिले तं हातबी नाही लावला चोरानं." एवढं बोलून जानराव स्वतःच विचारात पडला.

जनकाबाई पंगतीच्या स्वयंपाकाची मुख्य. ती कण्या पाखडता पाखडता बोलली, आणि बोलली तेही रागानं. "कय्यूमनं काऊन चोरावं? काल सकाळी तो काम ठरवाले आला तव्हाच म्या सगळ्यायसमोर त्याले म्हटलं, भांडे झाले का देवाचे डोळेबी उजळून दे भाऊ, लय काळे पडले. गुरव काढून आनून देईन बाहेर. तं तो म्हने, देतो ना बाई, देवाचे पैसे घेत नसतो. जे त्याच्या हातात आपसूक येनार होतं, ते तो चोरीन?"

"त्यानं भट्टी मांडली कव्हा?"

"मोतीरामाच्या गळ्यात नुकतीच वीणा आली होती तव्हा. म्या मोतीरामाले गुळाचं पानी देऊन वापस आली, तं हा भाता मांडून राह्यला होता."

दुपारचे पहारेकरी दोघं. आधी उकंडराव, मग मोतीराम. मोतीराम गरीब भाजीवाला, भाविक. शालिग्रामनं विचारताच त्याचे डोळे भरले.

"पाया पडतो डाक्टर, कोनाले सांगू नका. उभ्या उभ्या झोप लागली मले. हात चालू होता, पर झोप लागली. त्याच टायमाले झालं असंन. देवाचे डोळे गेले आन् माहे मिटेल होते." तो शरमेनं मान वर करेना.

उकंडराव भजनी मंडळाचा म्होरक्या. पांढरा फेटा, कपाळाला बुक्का. मारुतीचे डोळे घडवले गेले तेही त्याच्याच पुढाकारानं, गावभरच्या बायांनी दिलेल्या तोड्या-वाळ्यांतून. शालिग्रामला राहायची खोलीसुद्धा त्यानंच दिलेली, भाडं न घेता.

"माह्या पहाऱ्यात चिमनीबी नाही फिरकली," उकंडराव शांतपणे म्हणाला. "कय्यूमवर म्या काही बोलत नाही. गरीब हाय. जमादाराले सांगून पाहू. आन् डोळ्यायची फिकीर सोडा, म्या माह्या खर्चानं नवे करून देतो."

केवढं मोठं मन, असं शालिग्रामला वाटलं. दोन पावलं चालला आणि तिसऱ्या पावलाला तो थबकला. डोळे सापडावेत असं या माणसाला का वाटत नाही?

तो मंडपात गेला. पहारा पुन्हा मोतीरामाकडंच होता. "घटकाभर मले द्या," शालिग्राम म्हणाला. मोतीरामनं आपल्या गळ्यातून वीणा काढली आणि त्याच्या गळ्यात घातली. ती जमिनीवर ठेवायची नसते. सात दिवस या गळ्यातून त्या गळ्यात जायचं, खोकला येवो की तहान लागो. आणि ती मंडपातच राहते, गाभाऱ्यात कधी नेत नाहीत.

कितीतरी वर्षांनी बोटांना तार लागली. शालिग्रामचा डावा हात गिटारचा दांडा धरायला आपोआप वर गेला आणि त्यानं तो घाईघाईनं खाली घेतला. खर्जाची तार अजून उतरलेलीच होती. तिची खुंटी पिळायला त्यानं मान तिरपी केली, आणि त्याला दिसलं की खुंटीच्या टोकाचा टवका उडालाय. नव्यानं उडालेला. आणि त्या टवक्यात शेंदूर भरलाय.

त्यानं समोर पाहिलं. गाभाऱ्याचं दार इतकं ठेंगणं की पोरंसुद्धा वाकून जात. वरच्या गणेशपट्टीवर वर्षानुवर्षांचा शेंदूर थापलेला, आणि त्या शेंदरात एक ताजी खोक पडली होती.

४

चोर कोण, हे शालिग्रामला तिथंच कळलं. पण ते सिद्ध करायचं तर एकच साक्षीदार होता, त्याचा स्वतःचा कान.

आणि कानाची साक्ष द्यायची तर लोक विचारणार, गुरांच्या डॉक्टरला वीणेची तार उतरलेली कशी कळते? मग हॉटेल निघणार, दारू निघणार, तंग विजारी निघणार, डॉक्टर डॉक्टर नाही हे निघणार. सगळ्यात शेवटी आईला सांगितलेली कावीळ निघणार. तो घरी आला. आईनं ताट वाढलं. आपण जेवूया, मग पाहू, असं त्यानं ठरवलं. माणसाला पाप टाळता येत नाही तेव्हा तो ते पुढं ढकलतो.

तेवढ्यात दारात बुरख्यातली एक बाई येऊन उभी राहिली. कय्यूमची बायको अमीना, वरवटहून चालत आलेली.

"डाक्टरसाब, तुमचं घर देवळासमोरच हाय. तुम्ही काही पाह्यलं नाही का? माहा मानूस तसा नाही हो. तुम्ही नुसतं म्हटलं तरी लोक आयकतीन."

"म्या काही पाह्यलं नाही, बाई," शालिग्राम म्हणाला.

खोटं नव्हतं ते. पाहिलं नव्हतंच, ऐकलं होतं. अमीना वळली आणि चावडीकडं गेली. शालिग्रामनं पुढचा घास मोडला. तो तोंडात घालतो न घालतो तोच चावडीकडून एक किंकाळी आली, पुरुषाची, आणि तिच्यामागं बाईची.

गावातल्या पोरांनी कय्यूमच्या तोंडून वदवायला म्हणून त्याची बोटं चावडीच्या दारात धरली होती, उजव्या हाताची. शेषराव धावत जाऊन ओरडेपर्यंत दार लावून झालं होतं.

शालिग्रामच्या हातातला घास तसाच राहिला. आई म्हणाली, "जेव ना बाप्पा, काऊन थांबला?" त्याला आईकडं बघवेना. बोटं म्हणजे काय असतं हे या गावात त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? घासभर वेळ आधी तो बोलला असता तर ती शाबूत राहिली असती. स्वतःची इतकी लाज त्याला हॉटेलातही कधी वाटली नव्हती.

५

दिवस मावळता जमादार आला. मंडपात गाव जमलं. कय्यूमला आणून एका खांबापाशी बसवलं, त्याच्या हाताला अमीनाच्या ओढणीची चिंधी गुंडाळलेली होती.

"चोर कय्यूम नाही," शालिग्राम उभा राहून म्हणाला. "चोराले चांदी पाह्यजे असती तं त्यानं छत्री नेली असती. त्यानं डोळेच नेले. काऊन? कारन ते भांडे झाल्यावर उजळाले कय्यूमच्या हातात जानार होते. कल्हईवाल्याच्या हातात धातू गेला का त्याचं पितळ उघडं पडते. ते डोळे चांदीचे नव्हते. हे ज्याले ठावं होतं, त्यानंच काढले."

मंडपात कुजबुज झाली. ज्या बायांनी तोडे दिले होते त्या एकमेकींकडं बघू लागल्या.

"दुसरं. चोर गाभाऱ्यात गेला तव्हा त्याच्या गळ्यात वीणा होती. खुंटी गणेशपट्टीले लागली, टवका उडाला, शेंदूर भरला. हे पाहा, आज सकाळीच मले दिसलं. कय्यूमच्या गळ्यात वीणा कुठून येईन? चोरानं देवाचे डोळे काढले, पर वीणा खाली ठेवाची त्याची हिंमत नाही झाली. बाहेरचा चोर असता तं फेकून देली असती. पापाले एवढा भेनारा चोर पहाऱ्यावरचाच असू शकते."

उकंडराव हळूच बोलला, "डाक्टर, पहाऱ्यावर दोघं होतो. आन् एकजन झोपेल होता असं तोच म्हनते. झोपेचं सोंगबी घेता येते."

सगळ्यांच्या माना मोतीरामाकडं वळल्या. तो बिचारा गळ्यातली वीणा वाजवत खांबाआड सरकला.

"मोतीराम नाही," शालिग्राम म्हणाला. "तार उतरली ती मोतीरामाच्या आधी. काल दुपारी म्या आयकलं. वीणा थांबली, ठक वाजलं, खर्ज उतरला. कय्यूमचा भाता त्याच्या लय उशिरा सुरू झाला, आन् भाता लागला तव्हा मोतीराम नुकताच उभा राह्यला होता. जनकाबाई साक्षीले हाय. वाजवनारा हातबी मले ओळखू येते. मोतीरामाचं बोट तारेवरून जाते आन् येते. त्या टायमाले वाजवनारं बोट नुसतं जात होतं, येत नव्हतं."

"हे कान कुठून आनले तुम्ही?" जमादार हसला. "म्हशीच्या पोटाले लावून लावून का?"

लोक हसले. आता मागं फिरायला जागा नव्हती.

"म्या मुंबईत हॉटेलात वाजवत होतो," शालिग्राम म्हणाला. "गिटार. इंग्रजी गाने. लोक दारू पिऊन नाचत आन् म्या वाजवत होतो. त्याच्यापायी कॉलेज सुटलं. म्या डाक्टर नाही. मले कावीळ झाली नव्हती."

हसू थांबलं. बायांच्या घोळक्यात आई कुठं बसली आहे हे न पाहताच त्याला कळत होतं. त्यानं ती बाजू टाळली.

"कोनाचं बोट नुसतं जाते, ते आताच समजंन," तो म्हणाला. "उकंडरावदादा, वीणा घ्या. गळ्यात घाला आन् म्हना का म्या आत गेलो नाही."

मोतीरामनं वीणा पुढं केली. उकंडराव उठला. त्यानं मान खाली केली, वीणा गळ्यात आली, सवयीनं बोट तारेवरून एकदा गेलं. नुसतं गेलं. मग त्यानं बोलायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. ज्याला वीणा भुईवर ठेवता आली नाही, त्याला ती गळ्यात असताना खोटंही बोलता येईना.

"पोरीच्या लग्नात मोडली ती चांदी," तो शेवटी म्हणाला. "म्हटलं, सुगीले भरून काढू. मंग राहूनच गेलं. दरसाल आरतीले उभा रायतो तं ते डोळे माह्याकडेच पाहात." त्यानं कमरेच्या बटव्यातून दोन वाटोळ्या चकत्या काढल्या. फेकून द्यायचंही त्याला जमलं नव्हतं.

शेषरावनं त्या चकत्या कय्यूमसमोर धरल्या. कय्यूमनं डाव्या हातानं एक घेतली, अंगठ्यानं घासली आणि परत दिली.

"जर्मन सिल्वर हाय," तो म्हणाला. "चांदी नाही."

मग एकच गलका झाला. कोणी उकंडरावाला शिव्या देत होतं, कोणी रडत होतं, पोरं मागच्या मागं पसार झाली. दोघंचौघं शालिग्रामच्या पाठीवर थाप मारून गेले, "वा डाक्टर!" म्हणाले, आणि डॉक्टर म्हटल्याबद्दल जीभ चावून पुढं गेले.

रुक्मिणीबाई गर्दीतून वाट काढत लेकापुढं आली. "म्हंजे तुले कावीळ झालीच नोती?" एवढंच तिनं विचारलं. त्यानं मान हलवली. ती घराकडं चालू लागली. रोजच्यासारखं लेकाला 'चाल' म्हणायची ती विसरली, किंवा विसरली नसेल.

देवळामागं कय्यूम सामान आवरत होता. भाता अमीनाच्या डोक्यावर चढवून झाला होता. एक मोठी कढई अर्धीच उजळलेली तशी पडली होती. ती पुरी करायला सांडशी धरावी लागते, आणि त्याची बोटं वांग्यासारखी सुजली होती.

"कय्यूमभाऊ," शालिग्राम म्हणाला. "वरवटले नको, शेगावच्या दवाखान्यात जाऊ. म्या येतो संगं."

कय्यूमनं त्याच्याकडं पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, तेच अवघड होतं.

"डाक्टरसाब, एक इचारू? ती तार तुम्ही काल दुपारीच आयकली. आन् शेंदूर आज सकाळी पाह्यला."

"हाव."

"आन् अमीना तुमच्या दारात आली, ते त्याच्या बादचं."

शालिग्राम त्या अर्ध्या उजळलेल्या कढईकडं पाहू लागला.

"तुमची लाज राखाले माहे बोटं लागले," कय्यूम म्हणाला. "मांगतले असते तरी म्या देल्ले नसते."

त्यानं झोळी डाव्या खांद्याला अडकवली आणि दोघं वरवटच्या वाटेला लागले. शालिग्राम त्यांच्यामागं थोडा चालला. अमीनानं एकदा वळून पाहिलं, मग तो थांबला.